बिराजदार सरांचा बाथटब आणि बोअरचं पाणी

विषय : सदनिकेतील बाथटबवर बसणारा साबणाचा थर ॲसिड न वापरता काढणेबाबत.

संदर्भ : १) सौ. महादेवी बिराजदार यांची तोंडी तक्रार. २) त्यांच्या चिरंजीवांचा पुण्याहून आलेला फोन. ३) सोसायटीच्या बाकावर वेळोवेळी झालेली चर्चा.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की...

इथपर्यंत हात आपोआप चालतो. उभी हयात कारकुनीत गेली, आता निवृत्त आहे, पण सवय जात नाही. किस्सेही फायलींसारखेच साठतात. एक कागद येतो, त्याला दुसरा टाचला जातो, टाकून देण्याचा अधिकार कुणालाच नसतो, आणि एक दिवस कपाटाचं दार लागेनासं होतं. जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत या टबाच्या किश्शांनी तेच झालं आहे. म्हणून थोडं कपाट मोकळं करतो.

संध्याकाळी बाकावर आम्ही चौघे असतो. बिराजदार सर शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे, सध्या सोसायटीचे अध्यक्ष. गाजूल अण्णांचा टॉवेल-चादरींचं सूत रंगवायचा कारखाना होता. रफिकभाईंचं होटगी रोडला ट्रकचं गॅरेज होतं, आता ते मुलगा बघतो. चौथा मी, सोसायटीचा सचिव. मला सगळे भाऊसाहेब म्हणतात. कारकुनाला आपल्याकडे तेवढी एक बढती फुकट मिळते.

*

टब आला तो सरांच्या मुलाच्या हट्टामुळे. महादेवीवहिनींना संधिवात आहे. सकाळी उठल्यावर त्यांची बोटं मुठीत अडकलेली असतात, उघडत नाहीत. रोज गरम पाण्यात बसवा, असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि शिवराजने पुण्याहून थेट बाथटबच पाठवून दिला.

आमच्याकडे नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो. अशा गावात माणूस झोपेल एवढं भांडं आलं म्हटल्यावर बघायला रांग लागली. सरांनी पाहुण्यांना आधी चहा दिला, मग टब दाखवला.

आठवड्याने शिवराजचा व्हिडिओ कॉल आला. आई, बसलीस का टबात, असं त्याने विचारलं.

"कशी बसू?" वहिनी म्हणाल्या. "तुझ्या पप्पांनी त्यात प्यायचं पाणी भरून ठेवलंय. वर फडकं पण झाकलंय."

मग टब रिकामा झाला. पहिल्यांदा गरम पाण्यात बसून वहिनी बाहेर आल्या आणि त्यांनी स्वतःची वेणी स्वतः घातली. कित्येक महिन्यांत जमलं नव्हतं. सर गॅसवर चहा ठेवून ते बघत उभे राहिले, आणि चहा उतू गेला. हे सरांनी सांगितलं नाही, वहिनींनी सांगितलं. तेव्हापासून टब ही त्या घरातली चैन राहिली नाही. टब बंद म्हणजे वहिनींचे हात बंद.

*

पण बोअरचं पाणी आणि साबण यांचं जमत नाही. थोड्याच दिवसांत टबाच्या आतून पांढरट, चिकट थर बसला. घासून निघेना. पाय ठेवला की सरकायचा.

सरांनी बाकावर आम्हाला अर्धा तास समजावलं. जड पाण्यातले क्षार आणि साबण मिळून न विरघळणारं एक संयुग तयार होतं, त्याचा हा थर. निदान अचूक होतं. मग ते घरी गेले, दुकानातून सुटं आणलेलं ॲसिड टबात ओतलं, आणि टब पांढराशुभ्र निघावा म्हणून त्यावर कपड्यांचं ब्लीच टाकलं.

पिवळट धूर निघाला. सर खोकत बाहेर आले, तेव्हा शेजारच्या खोलीत वहिनी भिंतीला धरून उभ्या होत्या. वहिनींना दमाही आहे, हे सांगायचं राहिलं. श्वास आत जाईना. ओठ काळेनिळे पडायला लागले होते. त्यात लाइट गेलेली, लिफ्ट बंद. रफिकभाईंनी आणि मी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिना उतरवला. प्रत्येक वळणावर रफिकभाई म्हणत होते, "भाभी, आलं, आलं." काय आलं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

दवाखान्यात ऑक्सिजनची नळी लावली. आत काय चाललंय ते कळत नव्हतं. सर तिथल्या बाकावर बसून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं, देवाचं नाव घेताहेत. जवळ जाऊन ऐकलं तर ते समीकरण होतं.

बऱ्याच वेळाने तरुण डॉक्टर बाहेर आला. धोका टळलाय म्हणाला. मग त्याने सरांना वाकून नमस्कार केला. तो सरांचाच विद्यार्थी निघाला.

"सर, ॲसिड आणि ब्लीच एकत्र करायचं नाही, असं तुम्हीच शिकवलं होतं," तो म्हणाला. "मी अजून करत नाही."

*

त्या दिवसापासून बिराजदारांच्या घरात ॲसिडला बंदी. ब्लीचला बंदी. बाजारातल्या झणझणीत वासाच्या पावडरींनाही बंदी. थर मात्र राहिला. तेव्हा गाजूल अण्णा पुढे आले. अण्णा बिराजदारांच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहतात, त्यामुळे त्या टबाशी त्यांचा संबंध आमच्यापेक्षा जवळचा.

अण्णांचं म्हणणं साधं होतं. तांब्याची भांडी कशाने निघतात? चिंचेने आणि मिठाने. मग टब का निघणार नाही? त्यांनी भरपूर चिंच भिजवली, कोळ टबाला आतून फासला, आणि वाळू द्यावा म्हणून घरी जाऊन झोपले.

उठून आले तेव्हा कोळ वाळून टबाला चिकटला होता. मग त्यांनी काथ्या घेतला आणि विटेची भुकटी घेतली. पितळेच्या घंगाळाला घासतात तसा तो टब घासला. पांढरा थर थोडा गेला. टबाची चकाकी पूर्ण गेली. आणि जिथे जिथे ओरखडे पडले, तिथे तिथे चिंचेचा तपकिरी रंग आत शिरून बसला.

वहिनी दारात येऊन बघत राहिल्या. सरही आले. अण्णांनी ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, साबणाने धुऊन पाहिलं, नखाने खरवडून पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "चाळीस वर्षं गिऱ्हाईक म्हणायचं, अण्णा, तुझा रंग जातो. बघा म्हणावं."

*

खडबडीत टबावर थर आणखी लवकर धरू लागला. आता रफिकभाईंची पाळी आली. त्यांचा गॅरेजातला अनुभव असा की चिकट्याला चिकटाच काढतो. हाताचं ग्रीस साबणाने जात नाही, आधी तेल चोळावं लागतं. त्यांनी घरून शेंगदाण्याचं तेल आणलं आणि मऊ कापडाने दुपारभर टब चोळला.

आणि थर निघाला. खरंच निघाला. वर हलका साबण फिरवून, पाणी मारून त्यांनी आम्हाला बोलावलं, तेव्हा टब आरशासारखा दिसत होता. अण्णांचे डागही जरा फिके वाटत होते. आम्ही रफिकभाईंचं अभिनंदन केलं. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, आता बसतेच मी पाण्यात, दोन दिवस हात धरलेत.

आम्ही हॉलमध्ये बसलो. आत नळ सुरू झाला, बंद झाला. रफिकभाई जुन्या ट्रकचं काहीतरी सांगत होते. मध्येच आतून धप्प असा आवाज आला, आणि मग काहीच नाही.

सर धावले. आम्ही जागच्या जागी उभे. ना आत जाता येतं, ना बसता येतं. आतून सरांचा आवाज येत होता, वहिनींचा येत नव्हता. रफिकभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "भाऊसाहेब, तेल राहिलं वाटतं व्हय."

खूप वेळाने वहिनी सरांचा हात धरून, शालीत गुंडाळून बाहेर आल्या. पडताना त्यांनी नळ पकडला होता म्हणून डोकं वाचलं. मनगट सुजलं होतं. त्या खुर्चीत बसल्या, दम घेतला, आणि रफिकभाईंकडे बघितलं.

"रफिकभाई, गॅरेजात तुमी ब्रेकला पण तेल लावत होता काय?"

त्या हसल्या म्हणून आम्ही हसलो. रफिकभाई हसले नाहीत. पुढे कितीतरी दिवस ते बाकावर आले नाहीत.

*

मनगटाची बातमी पुण्याला पोचली. संदर्भ क्रमांक दोन तो हाच. शिवराजने फोनवर सरांना सांगितलं, की संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी मी येतोय. तोवर टब नीट झाला नाही, तर मी तो तोडून टाकणार आणि आईला पुण्याला घेऊन जाणार. तिथे बाई आहे, फिजिओथेरपीवाली आहे, लिफ्टला जनरेटर आहे.

वहिनींना पुण्याला जायचं नव्हतं. त्या अक्कलकोटकडच्या. मनातलं बोलायला त्यांना कन्नड लागतं आणि ते बोलायला सरच आहेत. पुण्यात अकराव्या मजल्यावर मी काय भिंतीशी बोलू, असं त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून सर सारखं कॅलेंडर बघू लागले.

वहिनींनी स्वतःच एक उपाय काढला. साबणच लावला नाही, तर थर कुठून येईल? त्या डाळीचं पीठ लावून अंघोळ करू लागल्या. टब बराच स्वच्छ राहिला. आम्ही सुटकेचा श्वास टाकला.

मग एके सकाळी खालच्या मजल्यावर अण्णांच्या मोरीतून पिवळं, घट्ट काहीतरी वर यायला लागलं. सगळा पाइप पिठाने तुंबला होता. अण्णा लुंगी सावरत वर आले आणि दारातूनच विचारलं, "वहिनी, सकाळी सकाळी भजी चालू केली काय?"

*

पीठ बंद झालं, साबण परत आला, आणि शेवटी काम माझ्याकडे आलं. मी कारकुनी पद्धतीने गेलो. आधी वाचलं, मग विचारलं, मग थोड्या जागेवर करून पाहिलं. पांढरं व्हिनेगर कोमट करायचं, त्यात जुने सुती टॉवेल भिजवायचे, आणि ते टबाच्या आतून भिंतींना चिकटवून ठेवायचे. तासाभराने काढायचे. खायच्या सोड्याची पेस्ट मऊ स्पंजने फिरवायची आणि गरम पाण्याने धुवायचं. सरांनी त्यामागचं रसायनशास्त्र तपासून हरकत नसल्याचं कळवलं. टॉवेल अण्णांनी दिले. वहिनींना वासाचा त्रास होतो का, ते आधी बाल्कनीत एक वाटी ठेवून पाहिलं. त्या लांब बसल्या होत्या, आम्ही तिघे त्यांच्या श्वासाकडे बघत होतो. वहिनी म्हणाल्या, लोणच्यासारखा वास येतोय, भूक लागली.

थर निघाला. पाय सरकला नाही. वास गेला.

अडचण एवढीच, की व्हिनेगर बाटलीने पुरेना. मी चायनीजच्या गाड्यांना माल देणाऱ्या दुकानातून मोठा कॅन आणला. दुकानदाराने विचारलं, कुठं टाकताय गाडा? मी म्हणालो, गाडा नाही, बिराजदार सरांच्या घरी पाहिजे. एवढ्यावर थांबायला हवं होतं, थांबलोही.

पण पिठाची गोष्ट आधीच फिरली होती. तिच्यात व्हिनेगर मिसळलं. आठवड्याच्या आत सोसायटीत ठरलं, की अध्यक्ष घरातून हॉटेल चालवतात. ए विंगमधल्या एका सभासदाने निवासी सदनिकेत व्यवसाय करण्यास मनाई आहे, असं पत्र दिलं. खाली त्यांच्याच घरातल्या कुणीतरी दुसऱ्या शाईत एक ओळ लिहिली होती : "मंचुरियन पार्सल मिळेल काय?"

*

थर निघाला, पण चार दिवसांनी परत आला. पुन्हा टॉवेल, पुन्हा व्हिनेगर. वहिनींचं मनगट दुखतं, सरांची कंबर दुखते. रोज हे होणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं. संक्रांत जवळ येत होती.

मूळ दोष बोअरच्या पाण्याचा. उजनी धरणाचं नळाचं पाणी वापरलं तर साबण विरघळून जातो, थर धरत नाही, असं सरांनीच सांगितलं. आमच्या गच्चीवर दोन टाक्या आहेत. नळाच्या पाण्याच्या टाकीचा पाइप फक्त स्वयंपाकघरात जातो, बाथरूमला बोअर. हा नियम कडक आहे. नियम करणारे अध्यक्ष बिराजदार सर.

वहिनींनी रीतसर अर्ज केला. आजाराच्या कारणास्तव आमच्या बाथरूमला नळाच्या पाण्याची जोडणी मिळावी. बोटं वळत नसतानाही अक्षर सुरेख होतं. अर्ज माझ्याकडे दिला, मी आवक करून अध्यक्षांपुढे ठेवला. अध्यक्षांनी चष्मा लावून वाचला आणि समासात शेरा मारला : "अर्जदाराने समक्ष भेटावे."

अर्ज शेऱ्यासह परत गेला. म्हणजे मी हॉलमधून स्वयंपाकघरात नेऊन दिला. वहिनी भाकरी थापत होत्या. त्यांनी शेरा वाचला, पिठाचे हात पुसले, आणि माझ्याकडूनच पेन घेऊन खाली लिहिलं : "अर्जदार रोज समक्ष भेटते. अध्यक्ष पेपर वाचत असतात."

*

सरांनी विषय सभेपुढे ठेवला. इथेही ताण होता, कारण ए विंगवाल्यांनी विरोध करायचं ठरवलं होतं, आणि आम्ही घरोघरी फिरून माणसं जमवली होती. रफिकभाईसुद्धा बऱ्याच दिवसांनी आले आणि अगदी पुढे बसले. मोजून पाहिलं, गणसंख्या काठावर पुरत होती. हात वर करायचे, एवढंच बाकी होतं.

तेवढ्यात सर उभे राहिले. अर्जदार माझी पत्नी आहे, सबब या विषयावर मी सभेत बसणं योग्य नाही, असं म्हणून ते बाहेर गेले. आम्ही त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. अण्णांनी अध्यक्षांची खुर्ची घेतली आणि मला गणसंख्या विचारली. मी मोजली. परत मोजली.

एक कमी पडत होता.

ए विंगवाला सभासद आनंदाने म्हणाला, सभा तहकूब. दाराच्या काचेतून सर दिसत होते. बाहेर व्हरांड्यात हात मागे बांधून, अगदी ताठ उभे होते. रफिकभाई तिथे गेले आणि म्हणाले, "सर, आत या की. हात नका वर करू. नुसते बसा."

सर म्हणाले, "तत्त्वात बसत नाही."

त्या रात्री बिराजदारांच्या घरातून बराच वेळ कन्नड ऐकू येत होतं. एकाच बाजूने.

*

संक्रांतीच्या आधी शिवराज आला. गाडीतून एक माणूस उतरला, त्याच्या पिशवीत छिन्नी-हातोडा होता. आम्ही तिघे आधीच सरांच्या घरी होतो, कारण त्या सकाळी आम्ही टब व्हिनेगरने धुतला होता. शिवराजने आत जाऊन टबावर बोट फिरवलं. टब स्वच्छ होता. पण नळ सोडून पाणी तळहातावर घेतलं, साबण चोळला, आणि त्याचा झालेला चिकटा त्याने सरांपुढे धरला.

"पप्पा, चार दिवसांनी हे परत होणार. आई परत पडणार." तो ओरडला नाही. त्यामुळे जास्त वाईट वाटलं. "एक तर तिला नळाचं पाणी द्या, नाहीतर तिला माझ्याबरोबर द्या."

सर म्हणाले, पुढची सभा होईपर्यंत जोडणी देता येत नाही.

शिवराजने हातोडावाल्याला खूण केली. तो उठला. त्याआधी वहिनी उठल्या, बाथरूममध्ये गेल्या आणि आतून कडी लावली. कडी लागायला वेळ लागला, सकाळची वेळ होती, बोटं वळत नव्हती. ती खटपट आम्ही सगळ्यांनी ऐकली.

"आई, दार उघड," शिवराज म्हणाला.

"साकु," आतून आवाज आला. पुरे, एवढंच.

हातोडावाला दारापाशी उभा. शिवराज दाराला हात लावून उभा. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग ते स्वयंपाकघरात गेले. आम्हाला वाटलं, पाणी प्यायला गेले असतील. भांड्याचा आवाज आला, नळाचा आवाज आला. सर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात स्वयंपाकघरातल्या नळाची भरलेली बादली होती. वजनाने ते एका बाजूला वाकले होते. शिवराजच्या बाजूने ते पुढे गेले आणि दारावर टकटक केलं.

कडी निघायलाही वेळ लागला. सरांनी बादली टबात ओतली, आणि दुसरी आणायला वळले.

रफिकभाईंनी जिन्यावरून घरी जाऊन त्यांची बादली आणली. अण्णांनी गॅसवर पातेलं चढवलं. मीही उठलो. पाइपाच्या जोडणीला मनाई आहे, बादलीबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही. तरी सचिव या नात्याने मी हा प्रकार पाहिलेला नाही. माझ्या हातात बादली होती, त्यामुळे नीट दिसलं नाही.

शिवराज बराच वेळ भिंतीला टेकून बघत राहिला. मग त्याने बूट काढले, पॅन्ट दुमडली आणि सरांच्या हातातली बादली घेतली. सरांनी ती लगेच सोडली नाही. दोघे क्षणभर तिला धरून उभे राहिले, थोडं पाणी फरशीवर सांडलं.

हातोडावाला अजून तिथेच होता. त्याने मला हळूच विचारलं, "साहेब, तोडायचं हाय का न्हाय?"

त्याला चहा देण्यात आला.

शिवराज यात्रा करून एकटाच पुण्याला गेला. वहिनींच्या बाथरूमला नळाच्या पाण्याची जोडणी मिळणेबाबतचा अर्ज आजमितीस प्रलंबित आहे.